दहाव्या आठवड्याची लस सहाव्या महिन्यात दिली तर?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या सिडकोत राहणारे, सातपूरला कंपनीत नोकरी करणारे एक वडील विचारतात: बाळ अडीच महिन्यांचं आहे. दीड महिन्याच्या लसी नाशिकला दिल्या, त्या रात्री 101 ताप आला, मांडी सुजली, बाळाने घर डोक्यावर घेतलं. आजी म्हणतात, "एवढ्याशा जिवाला किती त्या सुया! सहा महिन्यांचं होऊ दे, अंगात जरा ताकद येऊ दे, मग बघू. आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं?" बाळ आणि आई सध्या कळवणजवळ माहेरी आहेत, कारण आजींचा खोकला महिनाभर हटत नाही. त्या गडबडीत अडीच महिन्यांचा डोस राहिला. आणि जाता जाता एक मोठा प्रश्न: बालमृत्यू कमी झाले ते खरंच लसींमुळे, की दवाखाने, रस्ते, पाणी सुधारलं म्हणून?

उत्तर आधी देतो, कारणं मागाहून. याच आठवड्यात डोस द्या. पहिला डोस वाया गेलेला नाही आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवातही करायची नसते. जिथे थांबलात तिथून पुढे जायचं. आणि आजींना सांगा, दहाव्या आठवड्याला सुई एकच असते, पेंटाव्हॅलंटची. पोलिओची आणि रोटाव्हायरसची, म्हणजे बाळांना जुलाब करणाऱ्या विषाणूविरुद्धची, लस तोंडातून. मागच्या वेळी तीन सुया झाल्या म्हणून त्या धास्तावल्या आहेत, ते स्वाभाविक आहे.

"ताकद आल्यावर बघू" हे मी रोज ऐकतो आणि त्यात मला अडाणीपणा दिसत नाही. ऑपरेशन पुढे ढकलता येत असेल तर आम्ही डॉक्टरही बाळाचं वजन वाढायची वाट बघतोच. पण लसीला हा हिशेब लावला की तो उलटा पडतो. ज्या आजारांसाठी लस आहे ते आजार बाळाच्या ताकदीची वाट बघत नाहीत. त्यांचा मारा पहिल्या वर्षावर असतो, काहींचा तर पहिल्या तीन महिन्यांवर. सहा महिन्यांनी दिलेली लस कार्डावर तीच दिसते, पण ज्या महिन्यांसाठी ती होती ते महिने हातातून गेलेले असतात. नाशिकच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको: डावणीची बुरशी द्राक्षाच्या घडांवर उतरल्यावर केलेली फवारणी आणि पावसाआधी केलेली फवारणी, औषध तेच असतं.

पेंटाव्हॅलंट म्हणजे एका सुईत पाच: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब नावाचा जंतू, जो लहान बाळांत मेंदूज्वर आणि न्यूमोनिया करतो. यातला डांग्या खोकला लोकांना जुना, विसरलेला आजार वाटतो. मोठ्या मुलाला तो झाला तर ढासेवर ढास येते, शेवटी श्वास आत ओढताना तो विशिष्ट आवाज होतो, उलटी होते. दोन महिन्यांच्या बाळात यातलं काहीच धड दिसत नाही. पेठ तालुक्यातून आणलेलं एक बाळ मला अजून आठवतं. आई सांगत होती, "खोकत नाय फार, मधीच गप होतंय." मी तपासत असतानाच ते गप झालं. आधी ओठ जांभळे, मग चेहरा काळपट, छाती हलायची थांबलेली. तळवे चोळले, पाठ चोळली, ऑक्सिजन नाकाशी धरला, तेव्हा कुठे श्वास परत आला. आणि मिनिटभरात ते आईकडे बघत दूधही प्यायला लागलं, जणू काही झालंच नाही. दिवसातून असं किती वेळा होतं ते घरात कोणी मोजलं नव्हतं. ते बाळ वाचलं, कारण वेळेत आलं. घरात आधी खोकत होता तो त्याचा मामा. त्याने तो खोकला महिनाभर अंगावर काढला होता.

डांग्या खोकल्याने दगावणाऱ्यांत बहुतेक तीन महिन्यांच्या आतली बाळं असतात. एका डोसने पूर्ण संरक्षण मिळत नाही, पण आजार झालाच तर त्याची तीव्रता कमी करण्याइतका आधार पहिल्या डोसनेही मिळतो. दुसऱ्या-तिसऱ्या डोसने तो पक्का होतो. म्हणून सहा, दहा, चौदा आठवडे. तुमचं बाळ सध्या नेमकं अर्ध्या वाटेवर उभं आहे.

तुम्ही सहज लिहून गेलात, पण मला ते वाक्य जास्त खटकलं: आजींचा महिनाभराचा खोकला. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला म्हणजे थुंकी तपासायची, हा साधा नियम आहे. सरकारी रुग्णालयात तपासणी मोफत होते. क्षयरोग निघालाच तर उपचारही मोफत आहेत. बाळाला जन्मतः बीसीजी मिळाली असेल, ती मेंदूच्या आणि अंगभर पसरणाऱ्या क्षयरोगापासून चांगलं संरक्षण देते. पण घरात थुंकीत जंतू असलेला माणूस असेल तर बीसीजीवर विसंबून राहता येत नाही, बाळालाही तपासून प्रतिबंधक औषध द्यावं लागतं. बहुधा हे साधंच काही निघेल. पण "वय झालं, खोकला असतोच" असं म्हणून सोडू नका. नातवाची काळजी आजींना आहे हे तर दिसतंच आहे, तपासणीला त्या नाही म्हणणार नाहीत.

मग सहाव्या आठवड्याच्याही आधी का नाही, असं कोणी विचारेल. आईच्या अंगातली प्रतिद्रव्यं गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत बाळाकडे जातात. काही आजारांत ती काही महिने साथ देतात. डांग्या खोकल्यात फारशी नाही. गोवरात ती बऱ्यापैकी टिकतात आणि तोवर लसच निष्प्रभ करतात, म्हणून गोवर-रुबेला नऊ महिने पूर्ण झाल्यावर. कावीळ ब चा डोस मात्र जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत, कारण जन्मताना आईकडून हा विषाणू मिळालेल्या दर दहापैकी सुमारे नऊ बाळांत तो कायमचा मुक्काम ठोकतो. हे वेळापत्रक कोणी पंचांग बघून काढलेलं नाही. प्रत्येक तारखेमागे दोन गोष्टींची ओढाताण आहे: बाळाचं शरीर लसीला केव्हा नीट प्रतिसाद देईल, आणि आजार केव्हा गाठेल. आणि हो, बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तरी वय जन्मतारखेपासूनच मोजायचं. अशा बाळाला आईची प्रतिद्रव्यं कमी मिळालेली असतात, त्यामुळे थांबण्याचं कारण उलट कमीच.

आता तुमचा मोठा प्रश्न. 1971 साली भारतात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी 129 पहिला वाढदिवस पाहायच्या आत जात. म्हणजे जवळपास आठात एक. "आमच्या वेळी कुठे होतं हे" म्हणणाऱ्या कुठल्याही आजींना हळूच विचारा, तुम्ही भावंडं किती, आणि तुमच्या आईची बाळंतपणं किती. दोन आकडे क्वचितच जुळतात. जे गेले ते "आमच्या वेळी" म्हणायला राहिले नाहीत. 2020 पर्यंत तो आकडा देशात 28 वर आला, महाराष्ट्रात 16 वर.

हे सगळं लसींचं श्रेय आहे का? नाही, आणि तसं सांगणाऱ्यावर माझाही विश्वास बसणार नाही. त्या 28 पैकी 20 मृत्यू पहिल्या अठ्ठावीस दिवसांतले आहेत: अपुऱ्या दिवसांचं बाळ, कमी वजन, जन्मताना श्वास गुदमरणं, जंतुसंसर्ग. तिथे दवाखान्यातलं बाळंतपण, प्रशिक्षित हात, उबदार ठेवणं, आईचं दूध आणि नवजात बालकांचा कक्ष यांची मदत होते. बाळाला टोचायच्या लसीचा तिथे फारसा उपयोग नाही. एक मोठा अपवाद धनुर्वाताचा. तो आईला गरोदरपणी दिलेल्या इंजेक्शनने आणि नाळ स्वच्छ ब्लेडने कापल्याने गेला. 2015 मध्ये भारताने आईचा आणि नवजात बाळाचा धनुर्वात आटोक्यात आणल्याचं जाहीर झालं. माझ्या आधीच्या पिढीतले डॉक्टर त्या आखडलेल्या, जबडा मिटलेल्या बाळांबद्दल बोलायचे, आजच्या विद्यार्थ्याने ते पुस्तकातच पाहिलेलं असतं.

लसींचं खरं काम अठ्ठावीस दिवसांनंतर दिसतं. न्यूमोनिया, जुलाब, गोवर, मेंदूज्वर, डांग्या खोकला हे सगळे त्या काळातले मारेकरी. तिथला आकडा आज छोटा दिसतो तो आपोआप छोटा झालेला नाही. जुलाबांत जलसंजीवनीने आणि चांगल्या पाण्याने मोठा वाटा उचलला, न्यूमोनियात प्रतिजैविकांनी आणि ऑक्सिजनने. गोवरात मात्र लसीखेरीज दुसऱ्या कोणाला तेवढं श्रेय देता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1974 मध्ये लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम सुरू केला. आपल्याकडे तो 1978 मध्ये आला आणि 1985 पासून सार्वत्रिक झाला. त्या पन्नास वर्षांचा हिशेब 2024 मध्ये मांडला गेला: जगभरात सुमारे 15 कोटी 40 लाख जीव वाचले, त्यातले 10 कोटींहून जास्त एक वर्षाच्या आतले, आणि जगातल्या अर्भकमृत्यूंत झालेल्या घटीपैकी सुमारे 40 टक्के घट लसींमुळे. वाचलेल्या जिवांपैकी साधारण 60 टक्के एकट्या गोवराच्या लसीचे. हा गणिती अंदाज आहे, माणसं मोजून काढलेला आकडा नाही. पण 40 टक्के म्हणजे उरलेले 60 टक्के इतर गोष्टींचे, हेही तो मोकळेपणाने सांगतो, म्हणून मला तो पटतो.

गोवराचं इतकं महत्त्व का, तर तो पुरळ उठून जाणारा आजार नाही. गोवर उतरल्यावर पुढचे आठवडे, महिने बाळाला न्यूमोनिया आणि जुलाब धरतात, कारण हा विषाणू अंगातली आधीची कमावलेली प्रतिकारशक्तीही पुसून टाकतो. घरातले म्हणतात, "गोवर बरा झाला होता, नंतर निमोनियाने गेलं." नोंदही तशीच होते. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडीकडे साथ उसळली तेव्हा आपल्या जिल्ह्यात मालेगावातही रुग्ण सापडले. साथीच्या भागांत मग सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना नेहमीच्या वेळापत्रकाबाहेरचा एक जादा डोस द्यावा लागला. एका गोवराच्या रुग्णापासून लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांना लागण होऊ शकते. त्यामुळे शंभरात पंच्याण्णवांना लस मिळाली तरच साथ थांबते. नव्वद हा आकडा शाळेत छान असेल, गोवराला तो पुरत नाही.

माझी तक्रार आकड्यांच्या दुसऱ्या एका बाजूबद्दल आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातलं पूर्ण लसीकरण 2015-16 मध्ये 56 टक्क्यांच्या आसपास होतं, 2019-21 मध्ये ते 73 टक्क्यांच्या पुढे गेलं. चांगलंच आहे. पण ही मोजणी एक ते दोन वर्षांच्या मुलांची असते आणि डोस मिळाला की नाही एवढंच ती विचारते. चौदाव्या आठवड्याचा डोस अकराव्या महिन्यात मिळालेलं मूलही "पूर्ण" मध्येच धरलं जातं. मधल्या सात-आठ महिन्यांत ते उघड्यावर होतं, हे त्या टक्केवारीत दिसत नाही.

नाशिक जिल्ह्यात हा उशीर कुठून येतो हे आशाताईंना तोंडपाठ आहे. पेठ, सुरगाणा, हरसूलकडची कुटुंबं द्राक्षाच्या कामाला दिंडोरी, निफाडकडे उतरतात. छाटणीला येतात, खुडणीला येतात. कार्ड घरी पत्र्याच्या पेटीत आणि बाळ बागेच्या कडेला झोळीत. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात होतो तेव्हा बागेतच सत्र लावायचो: मांडवाखाली सतरंजी, सिस्टरच्या खांद्याला व्हॅक्सिन कॅरिअर, आत घाम आलेले बर्फाचे आइसपॅक आणि वर कुपी टोचून ठेवायचा फोमचा तुकडा. सिस्टर प्रत्येक कुपीवरचं चिन्ह बघायच्या: आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस चांगली, तेवढाच गडद झाला की फेकायची. आया रांगेत बसायच्या, कार्ड नाही म्हणून ओशाळायच्या. कार्ड नसलं तरी लस मिळते, गाव दुसरं असलं तरी मिळते. हे कोणी त्यांना आधी सांगितलेलंच नसायचं.

शहरातला उशीर वेगळा. सर्दी आहे, नको. अँटिबायोटिक चालू आहे, नको. लग्नाला जायचंय, ताप येईल, नको. किरकोळ सर्दी-खोकला, थोडे जुलाब, हलका ताप, चालू औषधं यांपैकी कशासाठीही लस थांबवायची नसते. थांबवायची ती बाळ दाखल करण्याइतकं आजारी असेल तर, किंवा आधीच्या डोसनंतर तीव्र ॲलर्जी, झटके, शुद्ध हरपणं असं काही झालं असेल तर. तेव्हा डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. 101 ताप, सुजलेली मांडी आणि रडारड यात बसत नाही.

त्या तापाबद्दल. सरकारी पेंटाव्हॅलंटमधला डांग्या खोकल्याचा भाग अख्ख्या जंतूपासून बनवलेला असतो, त्यामुळे ताप आणि दुखणं जास्त. खासगीत मिळणारी "न दुखणारी" लस जंतूच्या निवडक भागांपासून बनते. ताप कमी येतो, पैसे बरेच लागतात, आणि तिचं संरक्षण थोडं लवकर ओसरतं. परवडत असेल तर ती घ्या, पण ती नाही म्हणून सरकारी डोस लांबवू नका. मला विचाराल तर सरकारी लस कमअस्सल समजण्याचं काहीच कारण नाही.

ताप एक-दोन दिवस राहतो. पॅरासिटामॉल बाळाच्या वजनानुसार द्यायचं, आणि इथे एक गोष्ट नीट बघा: थेंबांची बाटली आणि सिरपची बाटली यांची तीव्रता एक नसते. थेंब कितीतरी जास्त तीव्र असतात. सिरपचं माप घेऊन थेंब पाजले तर औषध प्रमाणाबाहेर जातं. बाटली समोर धरून किती मिली ते सिस्टरकडून लिहून घ्या. सुईच्या जागी शेक नाही, चोळणं नाही, हळद-चुना नाही. थंड ओलं फडकं चालतं. दूध पाजत राहायचं, लसीआधी आणि नंतरही. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं, कारण तीव्र ॲलर्जी अतिशय दुर्मीळ असली तरी झालीच तर त्या अर्ध्या तासात होते आणि तिथे उपाय असतो. बाळ तीन तासांहून जास्त न थांबता किंचाळत राहिलं, झटका आला, अंग ढिलं पडलं, दूध सोडलं किंवा ताप दोन दिवसांपुढे गेला तर दवाखाना गाठा.

"अमक्याचं बाळ लसीनंतर गेलं" असे निरोप मोबाइलवर फिरतात. दोन ते चार महिने हे वय असं आहे की काही बाळं झोपेत अचानक दगावतात, लस घेतलेली आणि न घेतलेलीही. याच वयात लागोपाठ तीन वेळा लस दिली जाते, त्यामुळे काहीही झालं तरी मागे कुठे तरी लस असतेच. म्हणून अशा प्रत्येक घटनेची नोंद आणि चौकशी करायची पद्धत आहे. ती झालीच पाहिजे, ती मागणं हा आईबापांचा हक्क आहे.

लसीने सगळं टळतं असंही समजू नका. थंडीत निफाडकडून धाप लागलेली बाळं दरवर्षी येतात, त्यातली बरीच या लसींत नसलेल्या विषाणूंची असतात. छाती आत ओढत श्वास घेणाऱ्या बाळाचं कार्ड पूर्ण असलं तरी त्याच रात्री दाखवायचं.

तर तुमच्यासाठी क्रम असा. या आठवड्यात पेंटाव्हॅलंटचा दुसरा, पोलिओ आणि रोटाचे दुसरे डोस, कळवणलाच. त्यासाठी नाशिकला यायची गरज नाही. उपकेंद्राचा किंवा अंगणवाडीतला सत्राचा वार तिथल्या आशाताई सांगतील. त्यानंतर चार आठवड्यांनी तिसरे डोस, त्यासोबत न्यूमोकोकलचा (न्यूमोनिया करणाऱ्या एका जंतूविरुद्धच्या लसीचा) दुसरा आणि पोलिओच्या सुईचा दुसरा. त्या दिवशी पुन्हा तीन सुया असतील, आजींना आधीच सांगून ठेवा. नऊ महिने भरले की गोवर-रुबेला, न्यूमोकोकलचा बूस्टर, पोलिओची तिसरी सुई, जीवनसत्त्व अ. "आज मुलं कमी आहेत, पुढच्या वेळी या" असं कुठे ऐकायला मिळालं तर शांतपणे आग्रह धरा. एका बाळासाठीही कुपी उघडायची, असाच नियम आहे. सोळा महिन्यांनंतरचे गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि बूस्टर लोक हमखास विसरतात, तेव्हा ते आताच मोबाइलच्या कॅलेंडरात टाका.

आणि माता-बाल संरक्षण कार्ड नाशिकच्या कपाटात राहिलं असेल तर आज रात्री त्याच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून कळवणला पाठवा.